वीस घेवडे, चाळीस पानं

“बरी हायस न्हवं?” तानूआक्कांनी विचारलं.

“बरी हाय की,” मी म्हटलं आणि पायांवर पाणी घेतलं.

मी बरी नव्हते. दुसरा दिवस होता आणि कंबर अशी धरली होती की वाकून पाय धुतानाही कळ येत होती. पण पानमळ्याच्या झाप्याशी, म्हणजे काट्याच्या फाटकाशी, पोतं टाकून बसलेल्या तानूआक्कांना हे सांगायची सोय नव्हती. नागवेल सोवळी. तिच्याकडे चपला घालून जायचं नाही, आंघोळीवाचून जायचं नाही, आणि बाईनं ‘त्या’ दिवसांत तर सावलीसुद्धा पाडायची नाही. वेल जळते. म्हणून मळ्याचे मालक यशवंतअण्णा यांच्या आई, म्हणजे तानूआक्का, रोज सकाळी झाप्याशी बसून चाळीस बायकांना तोच एक प्रश्न विचारायच्या, आणि चाळीस बायका त्यांना तेच एक उत्तर द्यायच्या.

“तोंड का उतरलंय मग?”

“सासूशी भांडले.”

“मग ठीक हाय,” आक्का म्हणाल्या. “जा.”

मी आत गेले. अंगठ्यात पत्र्याची नखी अडकवली आणि माझ्या ओळीत खुडणीला लागले. दहाबारा वेलींनंतर हात थांबला. समोरच्या तीन वेलींची पानं मान टाकून लोंबत होती. कालपर्यंत टवटवीत होती. बुडाशी चिखलात हात घातला तर देठ मऊ लागला, आणि बोटांना कुजका वास आला.

पानमळ्यात याला मर म्हणतात. एकदा लागली की ओळीच्या ओळी बसतात.

मी ओरडायच्या आतच शेजारच्या ओळीतली पारूबाई ओरडली. ती कुठल्याही गोष्टीत पहिली असायची. हां हां म्हणता अण्णा आले. त्यांनी वेली पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

“कोण गं ती?” अण्णा म्हणाले. “कोण शिरली माझ्या मळ्यात तसली?”

चाळीस बायका शेवरीच्या झाडांकडे बघत उभ्या राहिल्या.

“न्हाई सांगत? बरं. रविवारी बिरोबाच्या देवळात यायचं. एकेकीनं भंडारा उचलायचा आन् म्हनायचं, मी गेले न्हाई. जी उचलनार न्हाई, ती माझ्या मळ्यात पुन्हा पाय ठेवनार न्हाई. आन् हौसे, तुझ्यापासनं सुरू. वेल तुझ्या ओळीतली हाय.”

तो मंगळवार होता.

आता मळ्यातून निघायचं म्हणजे काय, ते सांगते. खुडणी म्हणजे भांगलण नव्हे, की आज या रानात, उद्या त्या रानात. पान कोवळं किती, जून किती, देठ कुठं मोडायचा, हे हाताला कळायला पाच वर्षं लागतात. तीनशे पानांची कवळी मी न बघता, बोलता बोलता लावायचे, आणि मोजून बघितली तर तीनशेच निघायची. मला अक्षर येत नव्हतं. सही म्हणून अंगठा. पण पानातलं मला येत होतं, आणि पंचक्रोशीत पानमळा हा एकच होता. तिथून काढली तर हौसा म्हणजे कोण? दुसऱ्याच्या रानात तण उपटणारी एक बाई. आणि बिरोबाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची माझी छाती नव्हती. झाप्याशी आक्कांना थाप मारणं वेगळं, देवाला वेगळं.

तसं पाहिलं तर आम्ही नियम मोडत होतो असं नाही. महिन्याचे चार दिवस घरी बसायचं ठरलेलं होतं आणि आम्ही चार दिवस बसायचो. अगदी इमानानं बसायचो. फक्त ते चार दिवस कोणते, ते आम्ही ठरवायचो. भावाचं लग्न निघालं की बसायचो. घरच्या शेंगा काढायच्या झाल्या की बसायचो. आणि खरे दिवस आले की “बरी हाय” म्हणून आत जायचो. माझी नणंद बाळंत झाली तेव्हा मी लागोपाठ आठ दिवस बसले. आक्का म्हणाल्या, “कायतरी औषीद घे गं बाई, असं बरं न्हवं.” मी मान हलवली.

ही गोष्ट एकीनं दुसरीला कधी सांगितलेली नव्हती. प्रत्येकीला वाटायचं, आपणच एकटी पापी.

गुरुवारी पुण्याहून बाई आल्या. मृणाल देवस्थळी त्यांचं नाव. वय सत्तावीस-अठ्ठावीस, खांद्याला पिशवी, हातात पत्र्याचा डबा. सरकारच्या आकडेवारीच्या कचेरीत होत्या. आम्ही छपरात बसून पानं लावत होतो, त्याही खाली मांडी घालून बसल्या. अण्णा बाहेर गेले होते आणि आक्का जेवायला घरी.

“गेल्या वर्षी एक बाई येऊन तुमच्या कामाच्या दिवसांची माहिती लिहून घेऊन गेल्या, आठवतं?” देवस्थळीबाई म्हणाल्या. “महिन्यात किती दिवस काम, किती दिवस घरी, घरी का?”

“आठवतं की. आमी समदं खरं सांगितलं,” पारूबाई म्हणाली.

“तेच बघायला आले.” बाईंनी वही उघडली. “तुम्ही सगळ्यांनी सांगितलं, महिन्याचे चार दिवस अडचणीमुळे घरी. बरोबर. पण तारखा मांडून बघितल्या, तर वैशाखात चाळीसपैकी अठ्ठावीस जणींची अडचण एकाच आठवड्यात आली.”

“त्या आठवड्यात लगीन हुतं,” एक जण बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“आणि दसरा ते दिवाळी, जेव्हा खुडणी जोरात असते, त्या वीस दिवसांत चाळीसपैकी एकीलाही आली नाही. आमचे साहेब मला म्हणाले, देवस्थळी, हे गाव आहे की चमत्कार?”

पानं लावायचा चट्‌चट्‌ आवाज एकदम वाढला.

“आमच्या गावचं पानीच तसं हाय,” पारूबाई म्हणाली.

बाई हसल्या. मोठ्यानं हसल्या. मला त्या तिथंच आवडल्या.

“मला कुणाचं गुपित नको,” त्या म्हणाल्या. “चूक तुमची नाही, आमच्या विचारण्याची आहे. जे उघड सांगता येत नाही ते आम्ही उघड विचारतो, आणि मग कागदावर खोटं उतरतं. म्हणून आम्ही नवी रीत करून बघतोय. या डब्यात वीस मणी आहेत. पाच तांबडे, पंधरा पांढरे. एकेकीनं आडोशाला जायचं, एक मणी काढायचा, आपणच बघायचा, परत टाकायचा. तांबडा आला तर काही विचार न करता ‘हो’ म्हणायचं. पांढरा आला तर खरं असेल ते सांगायचं, हो किंवा नाही. प्रश्न एकच. आयुष्यात एकदा तरी त्या दिवसांत मळ्यात गेलात का?”

“आन् मी हो म्हनले तर तुमाला काय कळनार?” मी विचारलं.

“काहीच नाही. तांबडा आला म्हणून हो म्हणालात, की गेला होतात म्हणून, ते मला कधीच कळणार नाही. कुणालाच नाही.”

“मग हो कशाला?”

“एकीचं कळत नाही. पण चाळीस जणींचं मिळून कळतं. चाळिसांत साधारण दहा जणींना तांबडा येणार, एवढं मला आधीच ठाऊक आहे. ते दहा ‘हो’ वजा केले की राहिलं ते खरं. कोण ते नाही कळत. किती ते कळतं.”

मी हातातली कवळी खाली ठेवली. गेल्या दोन रात्री मी झोपले नव्हते, आणि आता पहिल्यांदा डोक्यात काहीतरी हललं.

“कागदावर नाव?”

“नाव नाही.”

“मला वाचता येत न्हाई बाई. तुमी लिवलं न्हाई, ह्ये मला कसं कळावं?”

बाईंनी पेन उघडलंच नाही, ते पिशवीत टाकलं आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. “ही तुमच्याकडे. काम होईपर्यंत मी काही लिहिणार नाही.”

पारूबाईनं डबा कानाशी लावून हलवला. “ह्यात तार हाय, बोललेलं समदं पुन्याला जातंय,” ती म्हणाली.

“नाही हो.”

“आसंल. आन् मनी शहरातलं. काय शिकवून आनलंय त्यांना कुनाला ठावं.”

शेवटी ठरलं, डबा नको, माझी कापडी चंची घ्यायची, आणि मणी नकोत, आक्कांच्या घरचा घेवडा घ्यायचा. तांबडा आणि पांढरा, दोन्ही सारखेच गुळगुळीत, हाताला फरक कळत नाही. एकच अडचण होती. मालकाच्या परवानगीशिवाय मळ्यात काही करता येत नव्हतं, आणि असली चौकशी अण्णा करू देणार नव्हते.

“ते माझ्याकडं लागलं,” मी म्हटलं.

त्याच दुपारी मी अण्णांना पाण्याच्या पाटावर गाठलं.

“अण्णा, पुण्याच्या बाई आल्यात. त्यांच्याकडं एक रीत हाय. पिशवीत हात घातला की खरं भाईर येतं.”

“काय सांगतीस?”

“सरकारी हाय. मी आपलं ऐकलं. भंडाऱ्याचं कसं, एखादी निगरगट्ट आसंल तर उचलंल बी. ह्याला लबाडी चालत न्हाई म्हनं.”

यात खोटं काय होतं सांगा. बाहेर खरंच येणार होतं. कुणाचं ते मी बोलले नाही.

अण्णांचे डोळे चमकले. “म्हंजे चोर धरंल?”

“ते मला अडानीला काय कळतंय? पन आधी ह्ये हुऊ द्या, मग रविवारी देवाला तरास द्यायचा का न्हाई ते बघा.”

माझा डाव साधा होता. शनिवारी बाईंचं काम व्हायचं, बाई सांगणार की कोण ते कळत नाही, अण्णा वैतागणार, आणि देवळातलं प्रकरण त्या वैतागात विरून जाणार. मी स्वतःवर इतकी खूश होते की त्या दिवशी माझी कवळी तीनशे दोन पानांची निघाली.

शनिवारी सकाळी छपराच्या कोपऱ्यात तट्ट्याचा आडोसा केला. आक्कांनी घरून घेवडे आणले होते. देवस्थळीबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी पंधरा पांढरे आणि पाच तांबडे स्वतः मोजून चंचीत घातले, दोनदा विचारून घेतलं, “तांबडा म्हंजे उगाच हो, आन् पांढरा म्हंजे खरं, आसंच न्हवं?” आणि जाऊन आपल्या पोत्यावर बसल्या. अण्णा छपराबाहेर खुर्ची टाकून बसले. आडोशामागे बाई एकट्या.

पहिली पारूबाई गेली. पहिली तीच जाणार. थोड्या वेळानं आतून आवाज आला.

“मी न्हाई म्हननार.”

“अहो पारूबाई, हळू. काय आला ते सांगू नका. तांबडा आला असेल तर हो म्हणायचं.”

“पन मी गेलेच न्हाई तर हो कशी म्हनू? खोटं का बोलू? मला तांबडा आला म्हनून काय मी पापीन झाले?”

“तुम्ही आता मला सांगितलंत ना, तांबडा आला!”

“मग? आला तर आला. मी काय त्याला बोलावलं हुतं?”

बाहेर हसण्याची लाट उसळली. अण्णाही हसले. देवस्थळीबाई आडोशातून बाहेर आल्या, कपाळावर हात.

“हे आमच्या पुस्तकात होतं,” त्या मला म्हणाल्या. “काही जण तांबडा आला तरी हो म्हणायला घाबरतात, असं. पण असं मोठ्यानं होईल हे नव्हतं.”

“बाई, तोंडानं खोटं बोलायचं म्हंजे जिभंवर येतं,” मी म्हटलं. “तुमी आमच्याकडनं बोलून घेऊच नका.”

“मग?”

मी समोरच्या ढिगातलं एक पान उचललं. “आमी दिवसभर ह्येच करतो. पान सुलटं, पान उलटं. हो म्हंजे सुलटं ठेवायचं, न्हाई म्हंजे उलटं. पानाला काय खोटं बोलायचं पाप लागत न्हाई. आन् आडोशात तुमी बी थांबू नका. एक कुनी गेली की दुसरी, टोपलीत पान ठेवायचं, वर फडकं टाकायचं, भाईर यायचं.”

बाईंनी पान हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं. “म्हणजे मलाही कळणार नाही कुणी काय ठेवलं.”

“तेच बरं न्हाई का?”

“हौसाबाई,” त्या म्हणाल्या, “तुम्ही आमच्या कचेरीत का नाही?”

“मला सही येत न्हाई म्हनून.”

मग सगळं नव्यानं सुरू झालं. पारूबाई परत आत गेली आणि या वेळी मुकाट बाहेर आली. एकेक जात होती, हात पुसत येत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मग माझी पाळी आली. मी मनाशी ठरवून गेले होते, पांढरा येणार, आणि मी पान सुलटं ठेवणार. पंधरा वर्षांत पहिल्यांदा खरं सांगणार. चंचीत हात घातला, घेवडा काढला, मूठ उघडली. तांबडा!

इतकी तयारी करून गेले होते. मी आडोशातून डोकं बाहेर काढलं. “बाई, दुसरा काढू का?”

“नाही!” बाई ओरडल्या. “आणि काय आला ते सांगू नका!”

मी पान सुलटं ठेवलं आणि खरं न सांगताच बाहेर आले.

चाळीस झाल्या. फडक्यासकट टोपली सगळ्यांच्या मध्ये आणली. बाईंनी मोजायला मलाच सांगितलं. मी फडकं काढलं आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. हिरवंगार, लकाकतं, सगळं सुलटं. त्यात तीनच पानं पाठमोरी पडली होती.

“सुलटी सदतीस,” मी म्हटलं. “उलटी तीन.”

“म्हंजे?” अण्णा खुर्चीतून उठले.

बाईंनी मातीत काडीनं रेघा ओढल्या. “चाळीस जणी. त्यांतल्या साधारण दहा जणींना तांबडा आला असणार, त्यांची पानं सुलटीच पडणार. त्या बाजूला ठेवू. राहिल्या तीस, ज्यांनी खरं तेच सांगितलं. त्यांतली तीन पानं उलटी. म्हणजे सत्तावीस सुलटी. तिसांत सत्तावीस. दहात नऊ. थोडं इकडंतिकडं होईल, पण दहात नऊ धरा.”

मी बायकांच्या तोंडाकडे बघत होते. प्रत्येकीच्या तोंडावर एकच भाव होता. म्हणजे तू पण?

“नावं,” अण्णा म्हणाले.

“नावं नाहीत.”

“रीत चोर धरती म्हनून सांगितलं मला!”

“कुणी सांगितलं?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाचा देठ बघत होते.

“बरं, नऊजनी ऱ्हाऊ द्या,” अण्णा म्हणाले. “त्या तीन उलट्या पानांच्या कोन? त्या तरी सांगा. त्या तिघींना लुगडं देतो मी.”

चाळीसच्या चाळीस जणी एक पाऊल पुढे सरकल्या.

बाईंना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडाला लावला. अण्णांचा चेहरा मात्र लालबुंद झाला. आणि इथं माझा डाव माझ्यावरच उलटला, कारण अण्णा वैतागले खरे, पण विरले नाहीत.

“लबाड हाय ही पिशवी,” ते म्हणाले. “दहात नऊ! माझ्या मळ्यात? उद्याच्याला भंडारा हायच. उचला म्हनावं एकेकीनं. आन् उचलनार न्हाईत त्या समद्या घरी. दहात नऊ तर दहात नऊ. मी शेजारच्या तालुक्यातनं बायका आनीन. आन् पयली हौसा.”

बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बिरोबा परवडला असता.

हे सगळं झालं त्याचा एक छापील अहवाल पुढं देवस्थळीबाईंनी मला पाठवला. तो बावीस वर्षं पत्र्याच्या पेटीत पडून होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अक्षर शिकले आणि सावकाश, बोट ठेवून, तो वाचला. त्यात गावाचं नाव नाही, आमचं नाही. त्यात लिहिलंय, एका ठिकाणी उत्तर तोंडी न घेता पान ठेवून घेतलं, आणि त्यामुळं उत्तरं जास्त भरवशाची आली. त्यात चाळीस बायका आहेत. पण त्या दिवशी चंचीत एकेचाळीस हात गेले. तो एकेचाळिसावा सरकारला ठाऊक नाही.

झालं असं की अण्णा आपल्या आईकडे वळले.

“आई, इकडं ये. हिथंच खरंखोटं करू. पन्नास वर्सं तू ह्या मळ्याचं सोवळं सांभाळलंस. घाल पिशवीत हात. तुझं पान उलटं पडलं की ह्यांचं समदं खोटं.”

“असं नसतं ते,” देवस्थळीबाई म्हणाल्या. “एका माणसाचं त्यातून काही कळत नाही, आणि आजींना तांबडा आला तर—”

“तांबडा आला तर दुसरा काढंल. घेवडा समद्यांम्होरं दाखवायचा.”

“दाखवायचा नसतो हो घेवडा!”

“माझा मळा हाय,” अण्णा म्हणाले.

तानूआक्का पोत्यावरून उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत सावकाश छपरात आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण पाठ ताठ. मी टोपली पुढं केली, चंची पुढं केली. त्यांनी हात घातला, घेवडा काढला, मूठ मिटलेलीच चेहऱ्याजवळ नेली, फट करून आत बघितलं आणि पुन्हा मिटली.

तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पारूबाईकडं, मग सगळ्यांकडं. रोज सकाळी झाप्याशी बसून बघायच्या तसंच, पण विचारलं काहीच नाही.

“तांबडा आला आसंल तर सांग,” अण्णा म्हणाले.

आक्कांनी तळहात उघडला. पांढरा घेवडा.

“झालं!” अण्णांनी टाळी वाजवली. “पांढरा! आता खरं बोलायचं. बघा गं बायांनो, नीट बघा. ठेव आई पान.”

आक्कांनी ढिगातलं एक पान निवडलं. देठ बघितला, कड बघितली, पदरानं पुसलं. आणि टोपलीत, सदतीस पानांच्या वर, लकाकती बाजू वर करून ठेवलं.

अण्णा हसतच होते. मग हसू अर्ध्यात अडकलं.

“आई,” ते हळू आवाजात म्हणाले, “उलटं ठेवायचं हाय. पांढरा आलाय तुला. न्हाई म्हनायचं आसंल तर पान उलटं.”

“मला शिकवतोस व्हय रं?” तानूआक्का म्हणाल्या. “सुलटं कंचं आन् उलटं कंचं, ते मला शिकवतोस? तुझ्या जन्माच्या आदीपासनं पानं लावतीया मी.”

“पन मग वेल—”

“वेल पान्यानं गेली. हौसाच्या ओळीत टाचंएवढं पानी तुंबलंय धा दिस, मला हिथनं दिसतंय. पाटाचं दार उघडं टाकून चावडीवर पत्तं कुटत बसतोस, आन् बायकांना देव दाखवतोस. विटाळानं वेल जळती तर तुझ्या बापाच्या वक्तालाच हिथं वाळवंट झालं असतं.”

देवस्थळीबाई खाली मान घालून मातीतल्या रेघा पायानं पुसत होत्या. अण्णांनी टोपलीकडं हात नेला, ते पान फिरवायला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, हात तसाच मागे घेतला.

आक्का परत निघाल्या. जाता जाता माझ्यापाशी थांबल्या.

“आठ दिस बसली हुतीस न्हवं तू एकदा?” त्या फक्त मला ऐकू जाईल अशा बोलल्या. “नणंदंला पोरगा झाला का पोरगी, ते तरी सांगायचं हुतंस.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बिरोबाच्या देवळात कुणी गेलं नाही. अण्णा सकाळपासून गुडघाभर चिखलात उभे राहून पाटाचं दार नीट बसवत होते, आणि आक्का बांधावर बसून दगड कुठं लावायचा ते सांगत होत्या. आम्ही चाळीस जणी खुडणीला आलो होतो. जिची अडचण होती, तीसुद्धा.